जमादार उंची मोजायला निघाले

आमच्या आत्याला लोणावळ्यात एकाच माणसाचं बोलणं ऐकू यायचं, आणि तो माणूस पोलीस खात्यात होता.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. नोकरीसाठी पुण्याहून आले, तेव्हा सोबत म्हणून आत्या आली. जागा मिळाली ती पोलीस लाइनच्या समोर. मध्ये एक बोळ, बोळापलीकडं लाइन, आणि लाइनीतल्या पहिल्याच खोलीत जमादार. त्यांना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. बायको ‘आवं’ म्हणे, शिपाई ‘जमादारसाहेब’ म्हणत आणि बाजारातले लोक नुसतंच ‘आला’ म्हणत.

जमादार उंचीनं बेताचे आणि रुंदीनं ऐसपैस. सरकारी कोटाची बटणं छातीवर कशीबशी तग धरून असत. त्या छातीतून जो आवाज निघे त्याला गल्ली पुरत नसे. सकाळी त्यांनी अंघोळीचं पाणी मागितलं की आमच्याकडं आत्या उठून बसायची आणि म्हणायची, “पाणी दे गं त्याला.” बाकी सारं जग तिच्यापुढं ओठ हलवून निघून जाई, जमादार तेवढे बोलत. त्यामुळं तिचा त्यांच्यावर फार जीव होता.

बोलायचे मात्र ते पंचनाम्यासारखं. मूळ मावळातल्या शेतकऱ्याचा मुलगा, घरी बोली आमच्या मोलकरणीसारखीच. पण खात्यात इतकी वर्षं गेल्यावर ती बोली त्यांनी घरात ठेवली होती आणि बाहेर येताना कोटाबरोबर दुसरी भाषा चढवत. ती चढवलेली भाषा कधी कधी जेवतानाही उतरवायची राहून जाई. एकदा खिडकीतून मी स्वतः ऐकलं.

“सदर आमटीत मीठ गैरहजर आहे.”

त्यांची बायको पवन मावळातली. बारीक अंगाची, शांत, आणि तिला कशाचीच घाई नसे. ती म्हणाली, “येईल की. रजेवर गेलतं.”

“विनापरवानगी?”

“मला सांगून गेलतं. तुमी जेवा.”

एकदा त्यांच्या दारातला भोपळा चोरीला गेला. दुसरा कुणी असता तर शिव्या देऊन मोकळा झाला असता. जमादारांनी वेलाच्या देठाचा जबाब घेतला. म्हणजे देठापुढं उकिडवे बसले, बराच वेळ त्याच्याकडं रोखून पाहिलं आणि शेवटी उठून म्हणाले, “काही बोलत नाही. फितूर आहे.” संध्याकाळी बायकोनं भोपळ्याची भाजी वाढली तेव्हा तपास संपला. भोपळा तिनंच काढला होता. “इचारलं असतं तर सांगितलं असतं,” ती मला म्हणाली, “पर त्ये देठाला इचारत बसले.”

असं सगळं सुखात चाललं असताना एक दिवस हुकूम आला. ठाण्यातल्या फौजदारांनी तो सगळ्यांपुढं वाचून दाखवला. खात्यातल्या निवडक माणसांना फौजदारकीच्या शिक्षणासाठी नाशिकच्या बाजूला एका शाळेत पाठवायचं होतं. त्यासाठी अटी होत्या. वय अमुक वर्षांच्या आत, उंची इतकी, छाती इतकी, इंग्रजी लिहितावाचता यावं, घोड्यावर बसता यावं, वर्तणूक चोख असावी, आणि शेवटची अट अशी, की उमेदवाराच्या अंगी माणसांचं पुढारपण करण्याची पात्रता असावी. पंधरा दिवस आधी समजलं असतं तरी बरं, असं म्हणायची सोय नव्हती. मुदत चांगली उन्हाळ्यापर्यंत होती. मोठे साहेब उन्हाळ्यात हवा खायला लोणावळ्यात येत. भुशीच्या रस्त्याला त्यांचा बंगला होता, तिथंच परीक्षा व्हायची होती.

जमादारांनी त्या अटी आरतीसारख्या पाठ केल्या. त्यात एकच अडचण होती, की छाती, वर्तणूक आणि जेमतेम वय सोडलं तर त्यातली एकही त्यांना लागू पडत नव्हती. वयाचं म्हणाल तर तेवढं एक वर्ष हातात होतं. पुढच्या वर्षी दार कायमचं बंद. छाती मात्र सरकारच्या अपेक्षेपेक्षा चांगली चार बोटं जास्त भरली. “ही जादा छाती उंचीत वळती करून घेता येईल का?” असं त्यांनी फौजदारांना लेखी विचारलं. फौजदारांनी लेखी उत्तर दिलं नाही, पण तो कागद ते पुढं बरेच दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवत.

त्याच संध्याकाळी जमादार आमच्या दारात येऊन उभे राहिले.

“बाई, एक गुपित आहे,” ते म्हणाले, आणि समोरच्या जांभळीवरचे कावळे उडाले.

“सांगा.”

“मला इंग्रजी शिकवा. मला फौजदार व्हायचंय.”

बोळात तीन दारं उघडली. आतून आत्या म्हणाली, “शिकव गं त्याला. चांगला मुलगा आहे.”

मी विचारलं, “जमादार, आहे तेही काही वाईट नाही. या वयात कशाला हा उपद्व्याप?”

तेव्हा त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं. मग कोटाची भाषा बाजूला ठेवून म्हणाले, “बाई, लय वर्सं झाली मी हुबाच हाय. साहेब बसतो, फौजदार बसतो. चोरसुद्धा बसतो, त्याला खाली बसीवत्यात. मी हुबा. फौजदाराला साहेब म्हणतो, ‘बसा.’ येकदा, फकस्त येकदा, कुणी मला ‘बसा’ म्हनावं.”

एवढं ऐकल्यावर नाही म्हणवेना.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. परक्या बाईकडं एकट्यानं शिकायला बसणं बरं दिसत नाही म्हणून जमादारांनी दोन पंच नेमले. एक त्यांची बायको, दुसरी आमची आत्या. बायको सुपात तांदूळ घेऊन बसे, आत्या वाती वळत बसे, आणि मध्ये पाटीपुढं मांडी घातलेले जमादार. अक्षरं झटकन शिकले. एबीसीडीला ते ‘सव्वीस आरोपी’ म्हणत आणि त्यांची रोज हजेरी घेत. भांडण लागलं ते पुढं, ‘नाइफ’ या शब्दाशी.

“याच्या आरंभी हा ‘के’ का उभा आहे?” त्यांनी विचारलं.

“तो उच्चारायचा नाही. नुसता लिहायचा.”

“म्हणजे हजर आहे, पण तोंड उघडत नाही?”

“हो.”

“आणि शब्दाचा अर्थ काय म्हणालात?”

“चाकू.”

जमादारांनी पाटी खाली ठेवली. “चाकूच्या प्रकरणात पहिल्यापासून हजर आहे आणि बोलायला तयार नाही. बाई, हा संशयित आहे.”

मी हसले, पण ते हसण्यावारी न्यायला तयार नव्हते. पुढं ‘नाइट’ आला, त्यात ‘जी’ आणि ‘एच’ दोघं मिळून गप्प बसलेले. “ही तर टोळी! रात्रीची!” जमादार ओरडले. आत्यानं वात खाली टाकून विचारलं, “सापडली का?” त्या दिवसापासून जमादारांनी ठरवूनच टाकलं, की जे अक्षर बोलणार नाही ते आपण लिहिणार नाही. मी परोपरीनं समजावलं. सरकारी भाषा आहे, साहेबाची आहे, तिचे नियम आहेत. ते म्हणाले, “नियम असू द्या. मी त्यांना तूर्त जामिनावर सोडलंय.”

घोड्याची सोय टांगेवाल्या भिकूकडून झाली. ठाण्यात घोडा एकच, आणि तो फौजदारांचा. भिकूची चंद्री नावाची घोडी होती, वयस्कर आणि सवयींची पक्की. दुपारी गाड्या नसत तेव्हा भिकू तिला टांग्यातून सोडून जमादारांच्या हवाली करी. चंद्रीचं एक होतं. ज्या ज्या बंगल्यापुढं टांगा थांबायचा, तिथं ती थांबे, आणि गिऱ्हाईक उतरायला लागतो तेवढा वेळ झाल्याशिवाय पाऊल उचलत नसे. त्यामुळं जमादार वलवणपर्यंत रपेट मारायला निघत आणि प्रत्येक फाटकापुढं पुतळ्यासारखे उभे राहत. बंगल्यातले लोक घाबरून बाहेर येत. पोलीस का आले? जमादार घोड्यावरून सलाम ठोकत आणि सांगत, “काही नाही. सदर घोडीची सवय आहे.” एक बाई तर म्हणे त्यांना रोज सरबत आणून देऊ लागल्या.

उरली उंची. ती फार नाही, जेमतेम अर्धं बोट कमी होती. पण सरकारी पट्टीला बोट कळत नाही. जमादारांनी लाइनीमागच्या जांभळीच्या फांदीला सकाळ-संध्याकाळ लोंबकळायला सुरुवात केली. बायको खालून पाय ओढे. एकदा तिनं मला हाक मारून विचारलं, “बाई, वडून मानूस वाढतंय का वो? का नुसताच लांबतोय?” एका सकाळी जमादार असे लोंबत असताना एक नवा शिपाई तिथून चालला होता. त्यानं वर बघितलं, वरिष्ठ दिसले, त्यानं टाच जुळवून सलाम केला. सलामाला उत्तर न देणं जमादारांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी दिलं. एक हात सुटल्यावर दुसरा काय करणार? खाली पडले ते शेणाच्या पाटीत. बायको म्हणाली, “झालं. वाढलेलं समदं खचलं.”

ते खचणं मात्र कामी आलं. कंबर धरली म्हणून त्यांना खंडाळ्याच्या एका वैद्यांकडं नेलं. वैद्य गप्पिष्ट होते. लेप लावता लावता म्हणाले, माणूस सकाळी उठतो तेव्हा उंच असतो. दिवसभर चालून, बसून, उभं राहून त्याचे मणके दबतात आणि संध्याकाळपर्यंत तो बुटका होतो. जमादार लेपासकट उठून बसले. घरी आल्यावर त्यांनी दाराच्या चौकटीशी उभं राहून सकाळी एक रेघ मारली, संध्याकाळी एक मारली. वैद्यांचं खरं होतं. सकाळची रेघ सरकारी अटीला अगदी टेकत होती.

“पण बाई,” ते मला म्हणाले, “मोजणी आहे दहा वाजता. उठायचं, आवरायचं, बाजारातून भुशीच्या रस्त्यापर्यंत चालत जायचं. तोवर मी खचणार.”

“मग टांग्यानं जा.”

“टांग्यात बसावं लागतं.” मग त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला भीती वाटली. “उठायचंच नाही,” ते म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी जमादार उठलेच नाहीत. आदल्या संध्याकाळीच त्यांनी पूर्ण पोशाख चढवला होता, पायाच्या पट्ट्यांसकट. तसेच बाजेवर आडवे झाले होते. सकाळी बायकोनं पडल्यापडल्याच त्यांच्या तोंडात चहा ओतला. मग लाइनीतल्या चार शिपायांनी चार कोपरे धरून बाज खांद्यावर घेतली. फेटा चुरगळू नये म्हणून तो जमादारांच्या छातीवर ठेवला होता. ऊन कोवळं होतं तरी थेट डोळ्यांवर येत होतं. बायकोनं घरातली धुतलेली पांढरी चादर आणली आणि डोक्यापासून पायापर्यंत पांघरली.

नेमकी त्याच वेळी आत्या खिडकीत आली.

मला तिला अडवायला सवडच मिळाली नाही. तिनं चार खांदेकरी पाहिले, चादर पाहिली, मागून हातात बूट घेऊन चाललेली बायको पाहिली, आणि असा काही टाहो फोडला की सगळी लाइन बाहेर आली. “गेला गं बाई! बोलणारा एकच होता, तोही गेला!”

मी तिच्या कानाशी ओरडले, “आत्या, ते जिवंत आहेत! उंची मोजायला चाललेत!” तिला अर्थातच ऐकू आलं नाही. तिनं शालीची घडी मोडली, चपला घातल्या आणि निघाली. तिच्यामागं मी निघाले, कारण तिला एकटं कसं सोडणार?

बाजारात शिरेपर्यंत आमच्यामागं पंचवीस-तीस माणसं झाली होती. चिक्कीवाल्यानं दुकानाच्या फळ्या लावल्या. त्याचं पाहून वाण्यानं लावल्या. ज्यांना जमादारांनी वजनमापावरून छळलं होतं तेसुद्धा टोप्या काढून मागं चालू लागले. फुलवाल्यानं पुढं होऊन चादरीवर हार ठेवला. बायका जमादारांच्या बायकोला मिठ्या मारू लागल्या.

ती बिचारी सांगत होती, “आवं, काय न्हाई झालं! उंची मोजायला नेत्यात!”

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. एक म्हणाली, “डोक्यावर परिणाम झाला गं हिच्या.”

“धक्काच तसा बसलाय,” दुसरी म्हणाली. “बूट सोडायला तयार नाही बघ.”

मी जमेल त्याला सांगत होते. पण मास्तरणीनं सांगितलेलं शाळेबाहेर कोण ऐकतो? शिपायांना विचारावं तर त्यांना जमादारांचा हुकूम होता, की बाज हलू द्यायची नाही, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. ते तोंडं गंभीर करून पुढं बघत चालले होते. आणि खुद्द जमादार? एवढा गलका चालला असताना ते गप्प कसे? त्याचं कारण साधं होतं. रात्रभर काळजीनं त्यांना झोप लागली नव्हती, आणि बाजेच्या हेलकाव्यांवर आता लागली होती.

गावाच्या टोकाला रस्ता फुटतो. तिथं मोठा घोटाळा झाला. स्मशान डावीकडं, साहेब उजवीकडं. पुढं गोवऱ्यांचं मडकं धरून कुणी एक उत्साही गृहस्थ चालत होता तो डावीकडं वळला, त्याच्यामागं निम्मी माणसं वळली. बाज उजवीकडं गेली. दोन्हीकडून ओढाताण झाली, हाका सुरू झाल्या. अखेर एका जाणत्या म्हाताऱ्यानं निकाल दिला, “अरे, सरकारी मानूस हाय. आदी साहेबाचा सलाम घेत्यात, मंग न्हेत्यात.” ते सगळ्यांना पटलं, आणि झाडून सारा बाजार भुशीच्या रस्त्याला लागला.

साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. उंच, वाळके, निळ्या डोळ्यांचे. मराठी ते पुस्तकांवरून शिकले होते, त्यामुळं ती आमच्यापेक्षा कितीतरी शुद्ध होती. फाटकातून शे-दीडशे माणसं आणि पुढं तिरडीसारखं काहीतरी आत येताना पाहून ते उठले, टोपी काढून छातीशी धरली आणि पायऱ्या उतरून खाली आले.

“अत्यंत दुःखद,” ते म्हणाले. “हे कोण सद्गृहस्थ?”

साहेबाचा आवाज कानावर पडला आणि जमादारांना जाग आली. बसायचं नाही हे त्यांच्या झोपेतही पक्कं होतं. शिपायांनी बाज खाली टेकताच ते बसण्याचा टप्पा गाळून आडवे होते तसेच एका झटक्यात उभे झाले. चादर घसरली, हार गळ्यात आला, फेटा डोक्यावर गेला, आणि त्यांनी टाच जुळवून असा सलाम ठोकला की बंगल्याच्या काचा वाजल्या. “उमेदवार हजर आहे, साब!”

फुलवाला जागच्या जागी बेशुद्ध पडला. गोवऱ्यांचं मडकं फुटलं. निम्मी गर्दी फाटकाबाहेर पळाली, निम्मी पळणाऱ्यांच्या अंगावर पडली. साहेबांची टोपी हातातून निसटली. एकट्या आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि समाधानानं मान हलवली. तिला ऐकू आलं होतं.

साहेबांना सावरायला थोडा वेळ लागला. चार शब्दांत मी सगळा प्रकार सांगितला तेव्हा त्यांची मिशी थरथरू लागली. रागानं की कशानं ते कळेना. मग त्यांनी शेजारची खुर्ची स्वतः पुढं सरकवली आणि म्हणाले, “आपण अतिशय दगदग करून आला आहात. कृपया आसनस्थ व्हावे.”

जमादारांच्या तोंडाकडं मी पाहत होते. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो शब्द समोर उभा, तोही केवढ्या थाटात! त्यांचा हात खुर्चीच्या पाठीपर्यंत गेला. पण लगेच ते ताठ झाले. म्हणाले, “माफी असावी, साब. बसलो तर खचेन. आधी मोजा.”

मोजलं. पट्टीला केस नि केस टेकला. साहेबांनी आडवी फळी ठेवून पुन्हा पाहिलं आणि “पुरेसे आहे” म्हणाले. मग जमादार खुर्चीवर बसले. सगळ्या बाजारासमोर बसले. किती बसले? उठवेपर्यंत बसले.

उठवलं ते घोड्यासाठी. भिकू चंद्रीला घेऊन बंगल्याशेजारच्या माळावर उभा होता. जमादार चढले, टाच मारली. चंद्री हलली नाही. समोर बंगल्याचं फाटक होतं. इथं गिऱ्हाईक उतरतं हे तिला ठाऊक. जमादारांनी चुचकारलं, दटावलं, भिकूनं मागून ढकललं. साहेब घड्याळाकडं बघू लागले. एवढ्यात खंडाळ्याकडून घाट चढून येणाऱ्या गाडीची शिट्टी झाली.

टांग्याच्या घोड्याला शिट्टी कळते. गाडी आली म्हणजे गिऱ्हाईक आलं. चंद्रीनं कान टवकारले आणि बाणासारखी सुटली. जमादारांचा फेटा एकीकडं, हार दुसरीकडं. कुंपण आलं, ते तिनं ओलांडलं. आम्ही बघतच राहिलो. साहेब व्हरांड्याच्या कठड्यावर चढून दुर्बीण लावून बघत होते आणि म्हणत होते, “अद्भुत! आरोही पडत नाही!” पडणार कसे? आयाळीला दोन्ही हातांनी मिठी होती.

अर्ध्या तासानं चंद्री परत आली, नेहमीच्या चालीनं. जमादार वर होते, आणि त्यांच्या काखेत कुणाचा तरी बिस्तरा होता. स्टेशनात गाडीतून उतरलेल्या एका गृहस्थानं काही न विचारता तो त्यांच्याकडं दिला होता आणि स्वतः मागून चालत येत होता. त्याला वलवणला जायचं होतं.

इंग्रजीच्या पेपरात चोरीचा अहवाल लिहायचा होता. जमादारांनी एकही मुकं अक्षर लिहिलं नाही. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून खुलासा विचारला. जमादारांनी तो हजर असून न बोलणाऱ्या संशयितांचा सगळा खुलासा दिला. साहेब तोंडावर रुमाल धरून आत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले. डोळे लाल झाले होते. म्हणाले, “आता अंतिम प्रश्न. पुढारपण. लोक आपल्या मागे येतात, याचे एखादे उदाहरण कथन करावे.”

जमादारांनी खोटं कधी सांगितलं नव्हतं. ते विचारात पडले. मग म्हणाले, “साब, आज सकाळचंच घ्या. सगळं लोणावळं दुकानं बंद करून माझ्यामागं आलं. आणि मी तर झोपलेलो होतो.”

निवड झाली. आत्यानं त्यांच्या हातावर साखर ठेवली. पावसाळ्याच्या तोंडाशी जमादार शाळेत गेले आणि बोळ एकदम असा शांत झाला, की शेजारच्या घरातलं घड्याळ मला पहिल्यांदाच ऐकू आलं. बायको लाइनीतच राहिली. “बरं वाटतंय,” ती म्हणायची, आणि सारखी दारात येऊन उभी राहायची.

दिवाळीला ते रजेवर आले. वाळले होते, मिशी कातरलेली होती. मी दारात होते. त्यांनी हात जोडले आणि काहीतरी पुटपुटले.

“काय म्हणालात?”

“नमस्कार, बाई. प्रकृती ठीक?” इतक्या हळू, की मला पुढं वाकावं लागलं. आतून आत्या आली, बराच वेळ त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिली आणि मला म्हणाली, “हासुद्धा सगळ्यांसारखा ओठ का हलवतोय? दात दुखतोय का त्याचा?”

तासाभरानं त्यांची बायको आमच्याकडं आली. पहिल्यांदाच तिला घाई झालेली मी पाहिली. “बाई, त्या शाळेला कागुद लिवा. त्यांनी मानूस बदलून दिलाय.”

“असं काय करता?”

“आवं, पानी मागितलं तर ‘मिळंल का’ म्हनत्यात! बाज सवता उचलली. मी इचारलं, आवाज कुटं गेला? तर म्हनत्यात, अधिकारी वरडत न्हाई. वरडनाऱ्याचं ऐकायची लोकांना सवय हुते, हळू बोलनाऱ्याचं ऐकावं लागतं. असं शिकीवलंय म्हनं. आता मी काय करू? मला त्यो दुसराच पायजे.” आणि ती चक्क रडायला लागली.

तेवढ्यात बाजारातून आरडाओरडा ऐकू आला. फटाक्यांच्या दोन दुकानदारांची जागेवरून जुंपली होती. एकमेकांच्या गळ्याला हात, काठ्या निघालेल्या, आणि मध्ये फटाक्यांचे ढीग. एखादी ठिणगी पडली असती तर निम्मा बाजार उडाला असता. आम्ही दोघी पोचलो तेव्हा जमादार आधीच तिथं उभे होते. लोक त्यांच्याकडं आशेनं बघत होते. आता गर्जना होणार, म्हणून काहींनी कानांवर हातसुद्धा ठेवले.

जमादार त्या दोघांच्या जवळ गेले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “कृपा करून काठ्या खाली ठेवता का?”

बाजार गार पडला. या माणसाच्या ओरडण्याची सगळ्यांना सवय होती. पाऊस यावा तसं ते ओरडणं येई आणि जाई. पण हे काय? हा हळू का बोलला? आता काय करणार आहे हा? दोघांनी काठ्या खाली ठेवल्या. एकानं तर न विचारता आपलं दुकान चार हात मागं घेतलं. दुसरा म्हणाला, “तसं नका ना बोलू, जमादारसाहेब. पाया पडतो.” गर्दी चपला न वाजवता पांगली.

जमादारांच्या बायकोनं हे सगळं पाहिलं. डोळ्यांतलं पाणी कधीच सुकलं होतं. परत येताना ती वाटभर विचार करत होती.

पुढं ते फौजदार झाले, खानदेशात बदली झाली, आणि मला अधूनमधून त्यांच्याबद्दल चांगलंच ऐकायला मिळे. पण मला त्या दिवाळीची दुसरी सकाळ आठवते. मी खिडकीत होते. जमादार अंगणात तेल लावून, उन्हाला पाठ देऊन सुखात बसले होते. घरात पाण्याचा थेंब नव्हता, हांडे उपडे पडले होते. एरवी अशा वेळी ती दारातून ओरडून सांगायची, आणि ते “दखल घेण्यात आली आहे” म्हणून बसून राहायचे. त्या दिवशी ती बाहेर आली, पदर खोचला, त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि अगदी हळू, गोड आवाजात म्हणाली, “आवं, किरपा करून येक हांडा आनता का?”

जमादारांच्या पाठीतून सरसर काहीतरी गेलेलं मला इथून दिसलं. ते तेलानं माखलेले तसेच ताडकन उभे राहिले, दोन्ही हातांत दोन हांडे घेतले आणि विहिरीची वाट धरली. वळणावर त्यांनी एकदा मागं पाहिलं. ती दारात हसत उभी होती. त्यांनी चाल वाढवली.